हिरा बसवला आणि तापमान वाढलं

तुकडा जेमतेम नखाएवढा. 10 मिमी लांब, तेवढाच रुंद, अर्धा मिमी जाड. रंग करडा, काजळी धरलेल्या काचेसारखा. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मात, तासाला काही मायक्रॉन अशा संथ गतीने थर चढवत वाढवलेला हा हिरा.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी चिपची उष्णता बाहेर काढण्याच्या चाचण्या घेतो. त्या सकाळी मॅडमनी कोपरा उडालेला एक जुना तुकडा माझ्या हातात दिला आणि पुढ्यात बर्फाचा खडा ठेवला. "टेकव नुसता." मी टेकवला. जोर न लावताही तुकडा बर्फात उतरत गेला, आणि माझी बोटं लगेच गारठली. बोटांची ऊब हिऱ्यातून थेट बर्फात चालली होती. तांब्याची उष्णतावाहकता 400 वॅट प्रति मीटर-केल्विन, चांगल्या हिऱ्याची 2000 च्या घरात, हे मला तोंडपाठ होतं. बोटांना ते त्या दिवशी कळलं. धातूत उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहून नेतात. हिऱ्यात कार्बनचे हलके अणू इतके घट्ट बांधलेले असतात की एकाचा कंप झरझर पुढे जातो. त्यामुळे उष्णता धावते, वीज मात्र अडते. चिपला आणखी काय हवं?

दुपारी चिपच्या जागी 1 चौरस सेंटिमीटरचा हीटर लावला, 100 वॅटवर. खाली पेस्ट, म्हणजे सांध्यातल्या फटी भरून उष्णता पुढे नेणारा लेप, त्याखाली पाण्याने थंड केलेला तांब्याचा ठोकळा. हीटरचं तापमान 74 अंश सेल्सिअस. मग मधे हिरा घातला, दोन्ही बाजूंना पेस्ट लावून. रीडिंग 84.

मी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बदललं. स्क्रू सैल करून पुन्हा आवळले. 84 च.

"हिऱ्याला नको, पेस्टला विचार," मॅडम म्हणाल्या. फळ्यावर हिशेब मांडला. अर्धा मिमी हिऱ्यातून 100 वॅट जाताना फरक पडतो जेमतेम पाव अंशाचा. पेस्टची वाहकता 5 धरली तर तिचा 50 मायक्रॉनचा थर, म्हणजे केसाएवढा, एकटा 10 अंश खातो. तांब्यावर असा थर एक होता, हिऱ्याने दोन केले. शिवाय हीटर हिऱ्याएवढाच, त्यामुळे उष्णता पसरवायला त्याला जागाच नव्हती. खऱ्या चिपमध्ये ताप एखाद्या लहानशा ठिपक्यात साचतो आणि तो आडवा पसरवण्यातच हिऱ्याचं खरं काम आहे. चाचणी मी मांडली होती, आणि हिऱ्याला नको त्या कामाला मीच जुंपलं होतं. मला फार वाईट वाटलं.

पेस्टऐवजी सोनं-कथिलाचं सोल्डर वापरता येतं, पण ते हिऱ्याला आपणहून धरत नाही. आधी टायटॅनियमचा पातळ थर द्यावा लागतो, तो कार्बनशी कार्बाइड बनवून घट्ट बसतो. आणि तांबं तापल्यावर हिऱ्याच्या कितीतरी पट फुगतं, म्हणून खालचा सांधा तडकण्याची भीती. त्यामुळे सोल्डर फक्त वर, हीटरकडे, असं ठरलं.

संध्याकाळी मागणीपत्रकात हिऱ्याचा दुसरा तुकडा लिहिला होता, तो खोडला. त्याजागी टायटॅनियम-प्लॅटिनम-सोन्याचा लेप आणि 2 मिमीचा हीटर लिहिला. मॅडमनी सही केली.