रंगाखालचा जिना

धुळ्यात गल्ली नंबर 5 मध्ये एका जुन्या चार मजली इमारतीच्या मागच्या, आगीत खाली पळायच्या लोखंडी जिन्याचं काम सध्या चालू आहे. मालकांचा फोन आला होता, "जुलैत फायरचा दाखला द्यायचाय, तेवढा रंग मारून दे भो." राज्याच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत, आग लागली तर जीव वाचवणारी सगळी व्यवस्था धड आहे असा दाखला लायसनवाल्या एजन्सीकडून घ्यावा लागतो. पण रंगाआधी मी हातोडी मारून बघतो. चांगलं लोखंड टणकन वाजतं, गंजलेलं ठस्स करतं.

दुसऱ्या मजल्याच्या पायरीठाणावर, म्हणजे जिन्यातल्या सपाट जागेवर, भाडेकरूचा कूलर होता. त्याचं पाणी वर्षानुवर्षं त्याच पत्र्यावर गळत होतं. काढा म्हटलं, तर म्हणाले, "आठे कसानी आग लागस भो!" म्हणजे इथं कसली आग लागतेय! मी वाद घातला नाही. त्यांना खाली नेलं आणि पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. आरपार गेला. त्यांची नातवंडं तिथंच खेळतात. संध्याकाळपर्यंत कूलर हलला.

खरा घात मात्र भिंतीत असतो. जिना पेलणारा लोखंडी ब्रॅकेट भिंतीत शिरतो तिथं पाणी मुरतं, ब्रश पोचत नाही. गंज फुगतो, प्लास्टरला तडा देतो, त्या तड्यातून आणखी पाणी. मी तडा उकरला तर पापुद्रे सुटत गेले. 6 मिलिमीटरच्या अँगलचा जेमतेम 2 उरला होता, आणि वरून रंग चकाचक! असा रंग मारणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आधी खालून टेकू दिले. एका वेळी एकच ब्रॅकेट काढायचा, दोन कधीच नाही. जुन्या विटेत भोक पाडून ठोकलेला अँकर बोल्ट धरत नाही, म्हणून बोल्ट भिंतीच्या आरपार घेऊन आतून प्लेट लावली. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, रेड ऑक्साईडचे, म्हणजे गंजरोधक लाल रंगाचे, दोन हात दिले, पत्र्यांना पाणी निथळायला भोकं पाडली. सकाळी 6 ते 10 एवढंच काम होतं, नंतर कठड्याला हात लावला की चटका बसतो. काल रात्रभर पायरीठाणांवर वाळूची पोती ठेवली होती. सकाळी एकही बोल्ट हललेला नव्हता.

गच्चीचं दार अजून आतल्या बाजूला उघडतं, त्याला कुलूपही आहे. पळणाऱ्या माणसाच्या धक्क्यानं ते बाहेर उघडायला हवं. ते सोमवारी करतोय.