होडीचा पंप आणि दुकानदाराचं ‘उद्या’

उजनीच्या फुगवट्यावर, करमाळा तालुक्यात केत्तूरच्या बाजूला, दाजींची आणि माझी भागीत एक फायबरची होडी आहे. मागे दोरी ओढून चालू होणारं छोटं मशीन. तळातलं पाणी उपसायला बिल्ज पंप बसवायचा का, एवढाच प्रश्न होता. दाजी म्हणाले, “डबा आहे की.”

हिशोब केला. होडीचा उघडा भाग साधारण सहा चौरस मीटर. रात्रीत 50 मिलिमीटर पाऊस झाला की 300 लिटर, म्हणजे 300 किलो पाणी आत. शिवाय होडी कलली की ते सगळं त्याच अंगाला धावतं. रोज काठावर ओढून पालथी घालणाऱ्याला पंपाची गरज नाही. आमची पाण्यातच बांधलेली असते, म्हणून घ्यायचा ठरला.

अडलं ते दुकानात. सोलापुरात शेतीचे पंप मागाल तितके. होडीसाठी, 12 व्होल्टचा म्हटलं की समोरचा कूलरची मोटार काढतो. “चालतंय मालक, पाणीच ओढायचंय की.” अहो, ती 230 व्होल्टवर चालते, धरणात लाईट कुठून आणू? शेवटी एकाने आगाऊ पैसे घेऊन मागवून देतो म्हटलं आणि ‘उद्या’ सुरू झालं. माल निघालाय. ट्रान्सपोर्टला आहे. गाडी टेंभुर्णीत आहे. टेंभुर्णीत ती गाडी किती चहा प्याली देव जाणे! विचारलं, तासाला 500 गॅलन, म्हणजे 1900 लिटर, हे किती उंचीवर? “बॉक्सवर लिहिलंय ना.” बॉक्सवरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता धरलेला असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पंप आल्यावर त्याच्याच पायरीवर टब आणि बॅटरी मांडली, पाइप होडीच्या काठाएवढा उंच धरला आणि 20 लिटरचा कॅन लावला. बॉक्सप्रमाणे 38 सेकंदांत भरायला हवा, जवळपास मिनिट लागलं. मालक घड्याळाकडे बघत गप्प. पावसाच्या पाण्याला तेवढं पुरतं, म्हणून घेतला. त्यावर म्हणतो, फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा, वेगळा येतो. कधी? उद्या!

स्विच घ्याच, रात्री पाऊस आला तर बटण कोण दाबणार? त्याची वायर फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडा. पाइपचं बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या बरंच वर ठेवा, नाहीतर उलटं पाणी आत येतं. पंपाच्या जाळीत नायलॉनचे तुकडे अडकतात, ते काढत राहा.

डबा मात्र दाजींनी बांधून ठेवलाय, आणि ते बरोबर आहे. पाण्याखाली फूटभर खोल एक इंचाचं भोक पडलं तर तासाला अडीच हजार लिटरच्या वर पाणी येतं, हा पंप तिथे हरतो. आणि पंप आहे म्हणून वाऱ्यात होडी घालायची नाही. मे 2024 मध्ये उजनीतच, कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळात होडी उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट आधी घ्या, पंप नंतर.

हो, आमच्यासारखं मशीन असेल तर ते बॅटरी चार्ज करतं का ते आधी विचारा. आमचं करत नाही, बॅटरी घरी आणावी लागते.