वर्ध्याला यायचं राहून गेलेले बोनहोफर

बर्लिनला घरचे पाहुणे आले की भिंत वगैरे पाहून झाल्यावर मी त्यांना हेअरश्ट्रासे स्टेशनावर उतरवते. जवळच मारिएनबुर्गर आले या शांत गल्लीत ४३ नंबरचं घर आहे. ५ एप्रिल १९४३ रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, डीट्रिश बोनहोफर यांना याच घरातून नेलं. ल्यूथरन पाद्री, धर्मचिंतक, हिटलरविरोधी कटातले सहभागी. युद्ध संपायला महिना उरला असताना, ९ एप्रिल १९४५ला, त्यांना फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिली.

त्यांच्या मरणाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला जास्त ओढ आहे ती त्यांच्या शिकण्याची. घर सुखवस्तू, वडील नामांकित मनोविकारतज्ज्ञ, एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट हातात. एवढं असूनही आपल्याला धर्म कळला, असं त्यांनी मानलं नाही. न्यूयॉर्कला शिकायला गेले, तेव्हा हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाऊ लागले आणि तिथल्या मुलांना शिकवू लागले. परत आल्यावर बर्लिनच्या कामगार वस्तीतल्या त्सिऑन्सकिर्शे या चर्चमध्ये दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर मोठं होताना श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीची) तयारी करणाऱ्या मुलांचा वर्ग घेतला. मुलं भलती दांडगी. बोनहोफर त्यांना हार्लेमच्या गोष्टी सांगत, आणि पुढे त्याच वस्तीत खोली भाड्याने घेऊन राहिले.

आणि मग आपला वर्धा. १९३४ साली ते लंडनमधल्या जर्मन मंडळींचे पाद्री होते. जर्मनीत चर्चचा मोठा भाग नाझींपुढे मान तुकवत होता. येशूचं डोंगरावरील प्रवचन रोजच्या जगण्यात, राजकारणातसुद्धा कसं उतरवायचं, हे गांधीजींजवळ राहून शिकावं असं त्यांच्या मनाने घेतलं. ख्रिस्ती धर्मपंडिताने येशूचा उपदेश एका हिंदू माणसाकडून शिकायला निघावं! त्यांनी पत्र लिहिलं. १ नोव्हेंबर १९३४चं गांधीजींचं उत्तर अगदी व्यवहारी आहे: परतीच्या प्रवासाचे पैसे असतील, इथला महिन्याचा साधारण शंभर रुपये खर्च झेपत असेल, तर केव्हाही या. जेवण साधं, शाकाहारी. मी तुरुंगाबाहेर असलो, तर माझ्याजवळच राहा.

येणं झालं नाही. नाझींना न जुमानणाऱ्या कन्फेसिंग चर्चने तरुण पाद्री घडवायचं काम त्यांच्यावर सोपवलं. फिंकेनवाल्डे इथे त्यांनी जी पाठशाळा चालवली, तिथे प्रार्थना, अभ्यास, जेवण सगळं एकत्र असे. आश्रम पाहायचं राहिलं, तरी त्या ओढीचा काही अंश तिथे उतरला असावा, असं मला वाटतं. १९३७ मध्ये गेस्टापोने ती बंद केली.

आम्हा परदेशी राहणाऱ्यांना सर्वांत जड जाणारा प्रसंग १९३९चा. जूनमध्ये ते अमेरिकेला सुखरूप पोहोचले होते, नोकरीची सोय होती. जुलैत ते परत निघाले. या काळात आपल्या माणसांचं दुःख वाटून घेतलं नाही, तर युद्धानंतर जर्मनीतलं ख्रिस्ती जीवन पुन्हा उभं करण्यात भाग घ्यायचा हक्क मला उरणार नाही, असं त्यांनी कळवलं.

१९४२च्या नाताळात त्यांनी मित्रांसाठी एक निबंध लिहिला. त्याची प्रत मारिएनबुर्गर आलेमधल्या याच घराच्या छपराच्या वाशांत लपवली होती. इतिहास खालून, दडपलेल्यांच्या नजरेने पाहायला शिकलो, हा अनुभव अनमोल आहे, असं त्यांनी त्या काळात लिहून ठेवलं. बोनहोफर वाचायचे असतील, तर तुरुंगातल्या पत्रांच्या सुरुवातीला छापतात त्या या निबंधापासूनच आरंभ करा. आणि बर्लिनला आलात, तर घर पाहण्यासाठी आधी वेळ ठरवून घ्या.