मागायची भीड

एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे पेनाने ३५ असं खरडून देतो आणि भिडस्त माणसाचा प्रवास तिथेच संपतो. म्हणजे बस जाते पुढे, पण याचं लक्ष खिडकीबाहेर नसतंच, डोक्यात एकच चक्र, आता मागू का, नको आत्ता ते हिशोब करतायत, घाट उतरल्यावर मागू, घाट उतरतो, मग कंडक्टर ड्रायव्हरशी गप्पा मारत बसतात, मग याचं गाव येतं आणि हा पस्तीस रुपये सोडून खाली. वर घरी येऊन सांगणार, जाऊ दे, पस्तीस रुपयांनी काय होतंय!

पैशाचा प्रश्न नसतोच हो. मागितले तर कंडक्टर सगळ्यांसमोर वस्सकन अंगावर येईल, शेजारचा मनात म्हणेल कसला चिंधी माणूस आहे, हे सगळं याने आधीच ठरवलेलं असतं. आणि आपल्याकडे याला कोणी प्रॉब्लेम मानत नाही, उलट स्थळ सुचवताना "मुलगा फार भिडस्त आहे" हे गुण म्हणून सांगतात. जुन्या बायका बऱ्या, भीड भिकेची बहीण म्हणून मोकळ्या व्हायच्या.

या बाबतीत मला अल्बर्ट एलिसचा किस्सा भारी आवडतो. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, जन्म १९१३ चा, पुढे १९५५ च्या सुमारास त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढली, म्हणजे त्रास देणारे मनातले अविवेकी समज तपासून बदलायचे, जी आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी रुजवली, त्यांचा एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. तर हा एलिस १९ वर्षांचा असताना मुलींशी बोलायला जाम घाबरायचा. मग त्याने स्वतःलाच होमवर्क दिला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची. त्याच्याच हिशोबाने १३० जणी झाल्या, ३० तर लगेच उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं. त्यातून भेटायचं ठरलं फक्त एकीशी, आणि तीही आली नाही!

पण भीती गेली. पुस्तकं वाचून, विचार करून गेली नव्हती ती अशी गेली. नंतर तो सांगायचा की कोणी पोलीस बोलावले नाहीत. नशीब त्याचं. आज राणीच्या बागेत कोणी हे करायला लागला तर त्याचा होमवर्क चौकीतच तपासला जाईल, आणि बरोबरच आहे, त्या बाकावरच्या बाईला निवांत बसायचं असेल हा विचार या किस्स्यात कुठेच नाहीये. पुढे तो पेशंट लोकांनाही असले व्यायाम द्यायचा, भुयारी रेल्वेच्या डब्यात मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारा वगैरे. आपल्या लोकलमध्ये हा व्यायाम साफ फसेल, कारण चार जण लगेच सांगतील, "अहो थांबा, अजून माटुंगा यायचंय, आत्तापासून कशाला उठताय."

आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. भिडस्त माणूस स्वतःला नम्र समजतो, पण त्याने समोरच्याला एक शब्द न विचारता खडूस ठरवून टाकलेलं असतं. फ्रँक फ्लिन आणि व्हॅनेसा लेक या दोघांचा २००८ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांना अनोळखी माणसांकडून प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्या. पाच भरून व्हायला साधारण २० जणांना विचारावं लागेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात १० च्या आसपास जणांतच काम झालं. म्हणजे लोक आपण समजतो त्यापेक्षा बरेच बरे निघाले. अर्थात सगळ्यांसाठी मागणं सारखं सोपं नसतं हेही आहेच, इस्त्रीचा शर्ट घातलेल्याने पत्ता विचारला तर लोक कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात, मळक्या कपड्यातल्याला हात हलवून पुढे पाठवतात. त्याची भीड म्हणजे नुसती मनाची समजूत नव्हे, अनुभव आहे तो. एलिसचं तत्त्वज्ञान त्याला ऐकवायला मी तरी जाणार नाही.

बाकीच्यांची मात्र प्रॅक्टिसच बंद झालीये. पत्ता मॅप सांगतो, सुट्ट्यांचं यूपीआयने बघितलं, किराणा दारात येतो, रिक्षावाल्याला "येणार का" विचारायलाही नको. माझी भाची कॉलेजला आहे, इन्स्टावर कोणाशीही बिनधास्त बोलते, पण वॉचमनकाकांकडून किल्ली आणायची तर मला ढकलते. परवा तिला मुद्दाम भाजी आणायला पाठवलं आणि सांगितलं, भेंडी घेतलीस की मावशींना म्हणायचं, वरती थोडी कोथिंबीर-मिरची टाका ना. दहा मिनिटं वाद घातला तिने, हे चीप वाटतं म्हणे. शेवटी गेली, मी मागे उभा होतो, तिने इतक्या हळू मागितलं की मावशींनी दोनदा "काय गं?" विचारलं.

"फुकट कोथिंबीर?" मावशी केवढ्यांदा हसल्या. "भाव बघितलास का बाळा? पुढच्या महिन्यात ये." आणि कढीपत्त्याच्या चार काड्या टाकल्या पिशवीत.

भाचीने पिशवी घेतली आणि विचारलं, "आणि मिरची?"