भोकाचा पैसा

आमच्या आजीच्या बटव्यात सुपारी, लवंगा, चुन्याची डबी आणि जायफळाचा तुकडा यांच्या सोबतीने एक भोकाचा पैसा कायम वस्तीला असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, तांबे वाचवण्यासाठी सरकारने मधोमध मोठे भोक असलेला तो पैसा काढला होता. चलनातून तो केव्हाच बाद झाला असला, तरी आजीच्या लेखी तो पैसाच होता, आणि बटवा उपडा करून आम्ही नातवंडे त्या भोकातून एकमेकांकडे पाहू लागलो की, "पैशाशी खेळू नये," असे ती ठरलेल्या सुरात बजावत असे. गेल्या नोव्हेंबरात टोकियोत उतरल्यावर पहिल्याच दिवशी एका दुकानदार मुलीने परत दिलेल्या चिल्लरीत पिवळेधमक, भोक असलेले एक नाणे दिसले, तेव्हा मी आणि माझी धाकटी बहीण दोघीही एकदमच म्हणालो, "अगं, आजीचा पैसा!"

तो होता पाच येनचा. सहा नाण्यांच्या जपानी कुटुंबात हा एकटाच असा आहे की त्याच्या अंगावर आपल्याला वाचता येईल असा आकडाच नाही. किंमत फक्त चिनी वळणाच्या लिपीत लिहिलेली आहे. त्यामुळे परदेशी माणसाला तो रंगावरून आणि भोकावरूनच ओळखावा लागतो. नीट पाहिले तर त्यावर भाताची लवलेली लोंबी आहे, खाली पाण्याच्या रेषा आहेत आणि भोकाभोवती यंत्राच्या चाकाचे दाते आहेत. शेती, मासेमारी आणि कारखाने असा देशाचा सगळा संसार पावणेचार ग्रॅम पितळेत मांडलेला आहे, आणि तोही मधला भाग कोरून टाकल्यावर उरलेल्या जागेत. युद्धात बेचिराख झालेल्या देशाने 1949 मध्ये हे भोक पाडले. त्याच्या आदल्या वर्षीचे पाच येनचे नाणे अखंड होते.

नाण्यांकडे इतके निरखून पाहण्याची वेळ आमच्यावर आली, ती ती साचू लागली म्हणून. आपल्याकडे हल्ली भाजीवालीच्या टोपलीपाशीही चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला असतो, आपण फोन पुढे करतो आणि हाताला धातू लागतच नाही. त्याआधीच्या काळात सुटे पैसे म्हणजे भांडणाचे कारण होते, किंवा गल्ल्यावरच्या बरणीतून निघणारी गोळी. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 मध्ये कायद्याने निवर्तली, पण लोकांच्या मनातून ती त्याच्या कितीतरी आधी गेलेली होती. जपानमध्ये मात्र एक येनलाही अजून जागा आहे. भाताचा एक मुटका, ज्याला तिथे ओनिगिरी म्हणतात, समजा 135 येनचा असला, तर खाद्यपदार्थांवरचा आठ टक्के कर धरून तो 145 येनला पडतो. तोच मुटका दुकानातल्या बाकावर बसून खायचा असेल तर कर दहा टक्के होतो आणि किंमत 148 येन होते. बाकावर टेकण्याचे हे तीन येन चुकवण्यासाठी आम्ही दोघी एका पायावर उभ्या राहून मुटके खात होतो, हे कबूल करायला हरकत नाही. हजाराची नोट दिली की 855 येन परत येतात, म्हणजे एकदम सहा नाणी. संध्याकाळपर्यंत पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावी लागते.

पण ही नाणी परत येतात कशी, ते सांगण्यासारखे आहे. गल्ल्यापाशी एक छोटे तबक ठेवलेले असते. पैसे दुकानदाराच्या हातात द्यायचे नसतात, त्या तबकात ठेवायचे असतात. पहिल्या दिवशी मी सवयीने हात पुढे केला आणि समोरची मुलगी गोंधळली, तेव्हा माझ्या हाताला काही लागले आहे की काय असे मला वाटले. मग तिने अदबीने तबक पुढे सरकवले. ती तुमची नोट उचलते, किती मिळाले ते मोठ्याने सांगते, परतीच्या नोटा तुमच्या डोळ्यांदेखत मोजते आणि नाणी पावतीवर ठेवून दोन्ही हातांनी तुमच्या ओंजळीत देते, आणि वर किंचित वाकते. हे सगळे पाच येनसाठी. नवीन दुकानांत आता यंत्रच नाणी गिळते आणि यंत्रच ओकते, त्यामुळे हा सोहळा सगळीकडे पाहायला मिळेलच असे नाही. पण जिथे तो होतो तिथे तो घाईत उरकला जात नाही.

क्योटोमधल्या एका किराणा दुकानात आमच्या पुढे एक ऐंशीच्या पुढच्या आजीबाई होत्या. त्यांनी टोफू, पालकाची जुडी आणि एक छोटी बाटली घेतली होती. त्यांनी बटवा उघडला आणि एकेक येन वेचून तबकात ठेवायला सुरुवात केली. सात ठेवल्यावर त्यांची मोजणी चुकली आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आमच्यामागे पाच-सहा माणसे होती, त्यांतला एक तरुण गळ्यात ओळखपत्र घालून दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबा विकत घ्यायला आलेला असावा. मी मागे वळून पाहिले, कारण अशा वेळी आपल्याकडे जो उसासा येतो तो कुठून येतो हे पाहण्याची मला उत्सुकता होती. तो आलाच नाही. शांतपणा म्हणजे प्रेमळपणा असे मी म्हणणार नाही. त्या तरुणाच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हते, कंटाळाही नव्हता, तिथे काहीच नव्हते. आजीबाईंचा हिशेब पूर्ण झाला, दुकानातल्या बाईंनी तो मान्य केला आणि रांग एका पावलाने पुढे सरकली.

चिल्लर खपवण्याचे मार्गही आम्ही हळूहळू शिकलो. क्योटोच्या शहर बसमध्ये मागच्या दाराने चढायचे आणि उतरताना चालकाजवळच्या पेटीत 230 येन नेमके टाकायचे. नेमके नसतील तर तिथल्याच यंत्रातून आधी मोड करून घ्यायची. रस्त्यारस्त्यावर पेयांची यंत्रे उभी असतात, ज्यांच्यात लाल पट्टीखाली गरम आणि निळ्या पट्टीखाली थंड बाटल्या असतात. ही यंत्रे दहापासून पुढची नाणी आनंदाने घेतात, पण एक आणि पाच येन मात्र थुंकून टाकतात. त्यामुळे या दोन धाकट्या नाण्यांना जपानमध्ये दोनच ठिकाणी आसरा उरतो: दुकानातले ते तबक आणि देवापुढची पेटी.

देवाला ही नाणी का चालतात, हे आमच्या मुक्कामाच्या घराच्या मालकीणबाईंनी फोनमधल्या भाषांतरकाराच्या मदतीने समजावून सांगितले. जपानी भाषेत पाच येन म्हणजे "गो एन". आणि "एन" असाच उच्चार असलेला दुसरा एक शब्द आहे, त्याच्याआधी आदराचा "गो" लावला की पुन्हा "गोएन" होते. त्या शब्दासाठी फोनने आधी "नाते" असे सांगितले, मग "योगायोग" म्हटले, आणि मालकीणबाई दोन्हींना मान हलवून नाही म्हणत राहिल्या. भेट होणे आपल्या हातात नसते पण झाल्यावर तिचा धागा उरतो, असे काहीतरी त्या हातवाऱ्यांनी सांगत होत्या. शेवटी बहीण मला म्हणाली, "ताई, ऋणानुबंध म्हणतायत त्या." फोनला तो शब्द येत नव्हता, तो आम्हीच आमच्यापुरता ठेवून घेतला. त्यानंतर प्रत्येक शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात आम्ही पाच येन टाकून दोनदा वाकलो, दोन टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा एकदा वाकलो. देवांची मात्र अलीकडे पंचाईत झाली आहे. 2022 च्या जानेवारीपासून जपान पोस्ट बँकेने मोठ्या संख्येने नाणी भरण्यावर शुल्क लावले, आणि भक्तांच्या चिल्लरीने भरलेल्या पेट्या बँकेत नेणे देवळांना महागात पडू लागले.

टोकियोहून तासाभराच्या अंतरावर कामाकुरा नावाचे जुने राजधानीचे गाव आहे. तिथे सगळे प्रवासी कांस्याच्या प्रचंड बुद्धाकडे जातात. आम्हीही गेलो, पण त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते डोंगरातल्या "झेनिआराई बेंझाइतेन" या देवस्थानाविषयी. झेनिआराई म्हणजे पैसे धुणे. खडकात कोरलेल्या बोगद्यातून आत गेले की चहूबाजूंनी कडे असलेले एक अंगण लागते आणि एका गुहेत झऱ्याचे पाणी वाहत असते. तिथे बांबूच्या रोवळ्या ठेवलेल्या असतात. लोक रोवळीत नाणी घेतात, पळीने झऱ्याचे पाणी घालतात आणि आपण तांदूळ धुतो तशी ती खळखळून धुतात. धुतलेला पैसा वाढतो अशी श्रद्धा आहे, मात्र तो साठवून न ठेवता खर्च करायचा असतो. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची श्रद्धा शोधून सापडणार नाही.

बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानला पोहोचली, वाटेत वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा नावाचे वाद्य आले, आणि तिथे गेल्यावर विद्या आणि संगीत सांभाळून तिने धनाचे खातेही आपल्याकडे घेतले. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, हे ऐकत आम्ही मध्यमवर्गीय घरांत वाढलो आणि तेवढ्यावर समाधान मानले; सरस्वतीला परदेशात हे जमले आहे हे आधी कळते तर बरे झाले असते. मी पाच नाणी धुतली. बहिणीने हजार येनची नोटही धुतली. 2024 च्या जुलैपासून या नोटेवर कितासातो शिबासाबुरो या जंतुशास्त्रज्ञांचे चित्र आहे. 1894 मध्ये हाँगकाँगच्या साथीत प्लेगच्या जंतूचा शोध लागला, त्या शोधात त्यांचे नाव घेतले जाते. तीच साथ दोन वर्षांनी मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आली, आणि 1897 च्या रँडवधामुळे ती आपल्या शालेय इतिहासात कायमची जाऊन बसली. पुण्याच्या दोघी बहिणी सरस्वतीच्या झऱ्यात प्लेगच्या डॉक्टरांना स्वच्छ धुऊन रुमालाने टिपत आहेत, हे दृश्य आजीने पाहायला हवे होते.

क्योटोजवळच्या उजीला दहा येनच्या नाण्यावरचे ब्योदोइन मंदिर पाहिले. 1053 मध्ये बांधलेला तो मंडप तळ्याच्या पाण्यात उतरलेला दिसत होता आणि काठावरचा प्रत्येक जण एक डोळा मिटून हातातले नाणे मंडपाशेजारी धरत होता. नाणे थोडे पुढे-मागे केले की दोन्ही मंडप एकाच मापाचे होतात. आम्हीही तेच केले.

परतण्याच्या आदल्या दिवशी मी क्योटोमध्ये एक बटवा घेतला. दोन गोळ्यांची धातूची कडी टचकन बंद होणारा हा बटवा उघडला की बेडकाच्या जबड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला "गामागुची", म्हणजे बेडकाचे तोंड, म्हणतात. बेडकाला जपानीत "काएरु" म्हणतात आणि परत येण्यालाही "काएरु"च म्हणतात, म्हणून गेलेला पैसा परत यावा या आशेने पैशांच्या पाकिटात चिमुकला बेडूक ठेवणारी माणसेही आहेत.

घरी आल्यावर बटव्यात पाच येनची तीन नाणी आणि एक येनचे एक नाणे एवढेच उरले होते. एक येन म्हणजे निव्वळ ॲल्युमिनियम, वजन बरोबर एक ग्रॅम. तो पाण्यावर तरंगतो असे बहीण सगळ्या प्रवासभर सांगत होती आणि मी मानत नव्हते. स्वयंपाकघरात तिने वाटीभर पाणी घेतले, नाणे दोन बोटांनी आडवे धरले आणि श्वास रोखून पाण्यावर ठेवले. ते खरेच राहिले. नाण्यावरचे कोवळे रोप वर आणि त्याच्या कडेला पाण्याचा किंचित फुगवटा. आईला हाक मारली. ती चष्मा पुसत आली, वाटीत वाकून पाहिले आणि एका बोटाने नाण्याला हळूच टोचले.

"बुडाला की गं तुमचा पैसा," ती म्हणाली.