सायकल स्टार्टच्या बटणापलीकडे

दरवर्षी निकाल लागले, की गावातील दोन-चार पालक मुलांना घेऊन आमच्या घरी येतात आणि बहुतेकांचे मागणे एकच असते: "मामा, पोराला कंप्युटरचं काय तरी शिकवा की." त्यांची तळमळ खरी असते, पण या वाक्यातील 'काय तरी' हा शब्द मला अस्वस्थ करतो. मुलाच्या हातात मोबाइल असतो, तो व्हिडिओ कापून जोडतो, गाणे लावतो. मात्र त्याला एक अर्ज टाइप करून, त्याची पीडीएफ करून ईमेलने पाठवायला सांगितले, तर तो थबकतो. मोबाइल वापरता येणे म्हणजे संगणकाचे कौशल्य आले, असा समज घराघरांत पक्का झाला आहे, आणि आपल्या बेळगाव भागातील मुलांचे त्यात फार नुकसान होते आहे असे मला वाटते.

मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये २६ वर्षे काम केले आणि शेवटची काही वर्षे सुपरवायझर होतो. बेळगावात फौंड्र्या पुष्कळ आहेत. तेथे ओतलेले बिडाचे कास्टिंग शेजारच्या मशीन शॉपमध्ये येते, कापून मापात आणले जाते आणि पुढे पंपांच्या किंवा गाड्यांच्या कारखान्यांकडे जाते. मी कामाला लागलो तेव्हा हाताने चालवायचे लेथ होते. नंतर सीएनसी, म्हणजे लिहून दिलेल्या प्रोग्रामवर चालणारी मशीन आली, आणि एकाच छताखाली, एकाच मशीनपुढे उभ्या असलेल्या माणसांच्या कमाईत किती अंतर पडू शकते हे मी डोळ्यांनी पाहिले.

सीएनसीवर मुख्यतः तीन प्रकारची माणसे लागतात. ऑपरेटर चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) बांधतो, दार लावतो, सायकल स्टार्टचे, म्हणजे प्रोग्राम चालू करण्याचे, बटण दाबतो आणि तयार जॉब काढून मोजतो. नवीन जॉब सुरू करायचा असेल, तर सेटर टूल (कापणारी हत्यारे) लावतो, त्यांचे ऑफसेट (टूलचे टोक कोठे आहे त्याची मापे) घेतो आणि पहिला जॉब पास करून देतो. प्रोग्रामर ड्रॉइंग वाचून टूलने कोठून कोठे आणि किती वेगाने जायचे ते लिहितो. ऑपरेटरचे काम कष्टाचे आहे, आठ-आठ तास उभे राहण्याचे आहे, त्याला मी कधीही कमी लेखणार नाही. परंतु ते काम दुसरा मुलगा काही आठवड्यांत शिकू शकतो, म्हणूनच ऑर्डरी घटल्या की सर्वांत आधी त्याचेच काम जाते. सेटरला घरी पाठवताना मालक दोनदा विचार करतो. प्रोग्रामर तर सोडून जाऊ नये, याचीच त्याला काळजी असते.

बटणापासून प्रोग्रामपर्यंतचे हे अंतर मुलांना डोंगराएवढे वाटते, आणि ते तसे नाही, हे सांगण्यासाठीच मी हे लिहीत आहे. प्रोग्राम म्हणजे छोट्या कोडांच्या ओळी: जी ०० म्हणजे टूलने हवेतून झटपट जाणे, जी ०१ म्हणजे ठरलेल्या फीडने (टूल सरकण्याच्या वेगाने) सरळ रेषेत कापणे, जी ०२ आणि जी ०३ म्हणजे दोन दिशांच्या गोलाया. एम ०३ ने स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) फिरू लागतो आणि एम ३० ने प्रोग्राम संपतो. लेथच्या रोजच्या कामाला लागणारे कोड एका वहीच्या दोन पानांत मावतात. इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या मुलाला ते अवघड जाण्याचे काहीच कारण नाही, कारण ती इंग्रजी भाषा नव्हे, ती अक्षरे आणि आकडे आहेत, आणि आकड्यांचे गणित तो सातवी-आठवीत मराठीतूनच शिकलेला असतो.

एक साधे उदाहरण सांगतो. ड्रॉइंगवर व्यास २५ मिलिमीटर आहे आणि वर-खाली ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालते. सकाळी माप अगदी बरोबर येत होते, पण जॉब होत गेले तसा इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) झिजत गेला आणि दुपारी माप २५.०४ आले. जॉब अजून पास आहे, पण काठावर आला आहे. एक ऑपरेटर तो ट्रेमध्ये ठेवून पुढचा बांधतो, आणि थोड्या वेळाने क्वालिटीवाला येऊन नंतरचे, मापाबाहेर गेलेले जॉब रिजेक्ट करतो. दुसरा ऑपरेटर त्या टूलच्या एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढण्याच्या नोंदीत, उणे ०.०४ टाकतो आणि पुढचा जॉब पुन्हा मापात येतो. लेथवर एक्सचे माप सहसा व्यासावर धरतात, म्हणून पूर्ण ०.०४ टाकायचे, अर्धे नाही. उणेच्या जागी अधिक टाकले तर व्यास आणखी वाढतो, आणि ०.०४ ऐवजी ४ टाकले तर टूल सरळ जॉबमध्ये घुसते. हे का होते ते ज्याला समजते, तो सेटर होण्याच्या वाटेवर आहे.

आमच्या शॉपमध्ये शेजारच्या गावचा, आयटीआय टर्नर झालेला एक मुलगा होता. त्याला कोणी सांगितले नव्हते, तरी तो प्रत्येक दहाव्या जॉबचे माप खिशातल्या डायरीत टिपून ठेवत असे. मी त्याला ते आकडे स्प्रेडशीटमध्ये भरायला लावले आणि त्यावरून आलेख काढून दाखवला. रेष हळूहळू वर चढत होती आणि एका ठरावीक संख्येनंतर एकदम उसळत होती, म्हणजे इन्सर्टची धार तेथे संपत होती. त्याने तो कागद मालकांसमोर ठेवला. त्या आकड्याच्या थोडे आधीच इन्सर्ट बदलायचे ठरले आणि रिजेक्शन डोळ्यांना दिसेल इतके कमी झाले. तो त्याच वर्षी सेटर झाला. आज तो हत्तरगीकडे विमानांचे सुटे भाग बनविणाऱ्या औद्योगिक क्षेत्रात प्रोग्रामिंग करतो, जेथे प्रत्येक भागाच्या प्रत्येक मापाची नोंद ठेवावी लागते आणि जेथे डायरी टिपण्याची त्याची सवयच त्याच्या उपयोगी पडली. त्याचे हात मुळातच चांगले होते. त्या हातांना कळलेली गोष्ट संगणकामुळे कागदावर मांडता आली आणि दुसऱ्याला पटवून देता आली, एवढेच वाढले, आणि त्या एवढ्याचीच किंमत मिळाली.

कारखान्याबाहेरही मी हेच पाहतो. माझी भाची खानापूर तालुक्यातील. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. रविवार पेठेतील एका घाऊक दुकानात ती टॅलीमध्ये नोंदी करीत असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि दुकानांच्या हिशेबाचे स्वरूपच पालटले: दर महिन्याच्या ठरलेल्या तारखांना विवरणपत्रे भरायची, माल पाठवताना ई-वे बिल काढायचे, आणि खरेदीवर भरलेला कर परत धरायचा असेल तर पुरवठादाराने आपले बिल दाखवले आहे की नाही हे (२०२० पासून) जीएसटीच्या संकेतस्थळावरील जीएसटीआर-२बी या यादीत तपासायचे. पुरवठादार बिल दाखवायला विसरला, तर त्या कराचा भुर्दंड दुकानदाराला बसतो. तीनशे बिले डोळ्यांनी जुळवायला तिला दोन दिवस लागत. मग ती व्हीलुकअप, म्हणजे स्प्रेडशीटमधल्या दोन याद्या जुळवण्याचे सूत्र, शिकली. पहिल्या दिवशी निम्मी बिले जुळलीच नाहीत, कारण दुकानाच्या यादीत क्रमांक '४५' असा होता आणि पुरवठादाराच्या यादीत '००४५' असा. संगणकाला ही दोन वेगळी बिले वाटतात, माणसाने आधी क्रमांक एकसारखे करून घ्यावे लागतात, हे कळायला तिला एक संध्याकाळ लागली. आता ते सारे काम तासाभरात उरकते. आज ती घरी बसून पाच दुकानांचा हिशेब सांभाळते आणि तिची मिळकत पूर्वीच्या पगाराच्या दुपटीहून अधिक आहे. मुलीला पुण्याला किंवा बेंगळुरूला एकटी पाठवायला जे आईवडील कचरतात, त्यांनी तिचे शिक्षण तोडण्याआधी या कामांचा एकदा नीट विचार करावा, असे मी हात जोडून सांगेन.

आता सीमाभागाबद्दल. आपल्या मुलांना घरी मराठी येते, शाळेत आणि बाजारात कन्नड येते, हिंदी समजते आणि इंग्रजी वाचता येते. आपण याला ओझे समजत आलो, आणि त्यामागे जी दुखरी कारणे आहेत ती मी नाकारत नाही. पण मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत बिनचूक टाइप करू शकणारा मुलगा शोधायला गेलात, तर दमछाक होईल. अनेक ठिकाणी अजूनही जुन्या फाँटमध्ये टाइप करतात. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा खिचडा होतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर कोठेही तसाच दिसतो. शिवाय इनस्क्रिप्ट या कळफलकाची रचना अशी आहे, की देवनागरीतला 'क' ज्या कळेवर आहे त्याच कळेवर कन्नडमधला 'क' आहे, 'त' च्या जागी 'त' आणि 'र' च्या जागी 'र'. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. म्हणजे बोटांना एकदा सवय झाली, की दोन लिप्या हाती येतात. हा लाभ पुण्याच्या मुलापेक्षा आपल्या मुलाला अधिक आहे, कारण त्याला दोन्ही भाषा येतात. वकिलांची कचेरी, छापखाना, वृत्तपत्र, भाषांतराचे काम, उतारे आणि दाखले काढून देणारी सेवा केंद्रे, या सर्वांना असा माणूस हवा असतो.

प्रमाणपत्राविषयी थोडे बोलायला हवे. महाराष्ट्र शासनाच्या अनेक पदांना एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतील उमेदवारांना तिकडे अर्ज करता येत असल्याने आपली मुले तो कोर्स करतात. जरूर करावा. मात्र प्रमाणपत्र भिंतीवर आणि स्प्रेडशीटमध्ये बेरीज येत नाही, अशी मुले मी मुलाखतीला बसवली आहेत आणि त्यांना परत पाठवताना मला वाईट वाटले आहे. शिकायला पैसेच लागतात असेही नाही. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत देतो. धडे छोटे असतात, थांबवून थांबवून करून पाहता येतात. खानापूरच्या जंगलपट्टीत नेटवर्कची अडचण आहे, तेथील मुलांनी तालुक्याला आल्यावर धडे उतरवून घ्यावेत. आणि 'घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणीचे पैसे भरा' असा निरोप आला, तर तो शंभर टक्के फसवणुकीचा समजावा. खरा मालक कामाचे पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर फोन करा.

हल्ली मुले विचारतात, की आता प्रोग्रामही एआय लिहून देते, मग आम्ही शिकून काय उपयोग. मी स्वतः एका जॉबचा प्रोग्राम तसा लिहून घेऊन पाहिला. कोड वाचायला नीटनेटके होते, पण एका ओळीत टूल जी ०० ने सरळ चकच्या जबड्यावर येत होते. ते चालवले असते, तर टूल, चक आणि कदाचित स्पिंडलही गेला असता. ज्याला ती ओळ खटकते, त्याच्या हाती हे साधन वेळ वाचवणारे ठरते. ज्याला खटकत नाही, त्याला मी मशीनजवळ उभेही करणार नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात चार जुने संगणक आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून मी तेथे रविवारी वर्ग घेतो. येत्या रविवारी आयटीआयच्या मुलांना त्याच प्रोग्रामचा कागद देणार आहे. चुकलेली ओळ शोधायची आणि ती चूक का आहे ते मराठीत चार वाक्यांत टाइप करायचे. बी.कॉम.च्या मुलींसाठी भाचीने नावे काढून टाकलेली चाळीस बिले पाठवली आहेत, त्यांत तीन बिले जुळत नाहीत. वर्ग सकाळी नऊला सुरू होतो. वही आणि पेन्सिल आणावी, कारण पहिला अर्धा तास आपण कागदावरच काम करतो.