कारवारची सकाळ: बेळगावहून मुलांना कॉलेजात सोडायला जाताना

बेळगाव-खानापूरकडून जवळचा रस्ता रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा करत काळी नदीच्या अलीकडे, कारवारच्या समोर असलेल्या सदाशिवगडला उतरतो. ऑगस्टात मात्र अणशीत दरड, धुकं, आणि मैलोन्‌मैल मोबाईलला रेंज नाही. पाऊस जोरात असेल तर हुबळी-यल्लापूर-अंकोला धरा. अरबैल घाट त्याही वाटेवर आहे, पण वाहतूक सतत असल्यानं अडकलात तर कोणीतरी भेटतं.

मुलींना शक्ती योजनेत (जून २०२३ पासून) कर्नाटकच्या साध्या नि एक्सप्रेस बसला पैसे पडत नाहीत. आधारवर पत्ता कर्नाटकातला हवा. चंदगड-गडहिंग्लजच्या मुलींनी तिकीट काढायचं. राजहंस आणि एसी गाड्यांना सवलत नाही. रेल्वेनं येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, स्टेशन गावात नाही, शिरवाडला आहे. रिक्षाचे पैसे बसायच्या आधी ठरवा.

आता सकाळ. यांत्रिक बोटींची बंदी १ जून ते ३१ जुलै. ऑगस्ट लागला की बैतखोल बंदरातून बोटी सुटतात, आणि सुट्ट्या संपवून मुलंही त्याच सुमारास परततात. त्यामुळे आठ-साडेआठला रिक्षा, हॉटेलातलं टेबल, झेरॉक्सचं दुकान, सगळीकडे रांग. ऑफिसची कामं असतील तर नाश्ता साडेसातलाच उरकून घ्या. केळ्याचे बन्स (पिकलं केळं घालून मळलेल्या पिठाच्या फुगलेल्या पुऱ्या) गरम आहेत का विचारा. गार झाला की बन्स चामट होतो. सोबत पातळ भाजी मागा, चटणीवर भागवू नका.

बाजारात कोकणी चालते, मराठी बहुतेकांना कळते. बसच्या पाट्या मात्र बहुतेक कन्नडमध्ये, तेव्हा चढण्याआधी कंडक्टरला विचारलेलं बरं. मासळी वाट्यावर मिळते. बांगड्याचा कल्ला उचलून बघा: लाल असेल तर ताजा, तपकिरी असेल तर ठेवा खाली. मग पोट दाबा. बर्फात ठेवलेला मासा वरून चकचकीत दिसतो, पण पोट आधी सुटतं. खोलीत फ्रिज नसेल तर घेतलेला बांगडा लगेच शिजवा. ऊब लागलेल्या बांगड्यात, तारलीत हिस्टामिन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, आणि पोरं समजतात मसाला बाधला.

खोली बघायची तर सकाळीच, नळाला पाणी असताना. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कोडीबागला आहे, म्हणून बरेच जण तिथंच खोली शोधतात. काळी नदीचं मुख जवळ असल्यानं विहीर-बोअरच्या पाण्यात खार उतरू शकतो. पावसात ते कळत नाही, कारण वरचं गोडं पाणी मिसळलेलं असतं. घरमालकाला न विचारता शेजारच्या भाडेकरूला विचारा: एप्रिल-मेत साबणाला फेस येतो का? फेस येत नसेल तर पिण्याच्या कॅनचा खर्च भाड्यात धरा. भिंतीला ओल आहे का, कपाटाच्या मागं हात घालून बघा. मूळ प्रमाणपत्रं झिपच्या पिशवीत, लोखंडी ट्रंकेत. लाकडी कपाटात बुरशी धरते.

सदाशिवगडकडे भाडं कमी सांगतील. पण ७ ऑगस्ट २०२४ ला काळीवरचा जुना पूल कोसळला, तेव्हापासून भार नव्या पुलावर आला. नऊचा तास असेल तर अर्धा तास हाताशी ठेवूनच निघा.

टागोर किनाऱ्यावर सकाळी चालायला जरूर जा, पण पावसाळ्यात पाण्यात उतरू नका. नदीच्या मुखाकडे तर मुळीच नको. ओहोटीला नदी आणि समुद्र दोन्ही एकाच दिशेला ओढतात. परतीला अणशीनं यायचं असेल तर जेवून दोनच्या आत निघा, म्हणजे उजेडात घाट चढून जोयडा गाठता येतं.